जमीन देऊन लढाई थांबवावी का? देवगावचा तह आणि आजचं डोनेत्स्क

नागनदीकाठ | २८ जानेवारी, रात्री ९:१०

परवा, २६ जानेवारीला, नातवाला घेऊन सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेलो होतो. वर्षातून तीनच दिवस तो आपल्यासाठी उघडतात: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. एरवी लष्कराचा. उतरल्यावर बर्डीत चहाला थांबलो, तर शेजारी कॉलेजची दोन पोरं तावातावानं भांडत होती. एक म्हणे, "देऊन टाकाव ना ते डोनेत्स्क, कायले रोज माणसं मारून राहिले?" दुसरा म्हणे, "एक इंचही नाही. आज डोनेत्स्क दिलं तर उद्या कीव्ह मागतील." दोघंही मनापासून बोलत होते. मी मधे पडलो नाही, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. ज्या टेकडीवरून आम्ही उतरलो होतो तिथंच या भांडणाचं एक जुनं प्रकरण घडून गेलंय, आणि त्या पोरांना ते कोणी सांगितलेलं नाही.

युक्रेनचं आधी थोडक्यात. रशियानं २०१४ मध्ये क्रिमिया घेतला, २४ फेब्रुवारी २०२२ ला सगळीकडून चढाई केली, आणि आज त्या देशाचा साधारण पाचवा हिस्सा रशियाकडे आहे. ३० सप्टेंबर २०२२ ला चार प्रांत (डोनेत्स्क त्यातलाच एक) आपले म्हणून जाहीर केले, तेही पूर्ण ताब्यात नसताना. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेकडून २८ कलमांचा मसुदा पुढे आला. डोनेत्स्कचा जो भाग अजून युक्रेनच्या हातात आहे तोही सोडायचा, सैन्य सहा लाखांवर जाऊ द्यायचं नाही, नाटोत जाणार नाही असं स्वतःच्या घटनेत लिहायचं. पुढे त्या मसुद्यात बरीच खाडाखोड झाली. पण चर्चा सगळीकडे एकाच कलमाची चालते, जमिनीच्या. मला बाकीच्या कलमांची जास्त धास्ती वाटते. असं का, ते देवगावचा तह वाचल्यावर कळेल.

१८०३. नागपूरकर भोसल्यांचं इंग्रजांशी युद्ध. २३ सप्टेंबरला असईची लढाई हरले, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावची, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्याआधी ऑक्टोबरातच कटक गेलेलं. गाविलगडानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी देवगावला तह केला. कटक दिलं, बालासोरचं बंदर दिलं, म्हणजे नागपूरकर भोसल्यांचा समुद्र गेला आणि इंग्रजांचं कलकत्ता ते मद्रास सलग झालं. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, तो निजामाच्या पदरात पडला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोवतीच्या चार लाख वसुलाच्या मुलखासकट राहिले.

इथपर्यंत शाळेत शिकवतात. पुढची कलमं बघा. निजामाशी किंवा पेशव्यांशी तंटा झाला तर निवाडा कंपनी करणार. इंग्रजांशी ज्यांचं युद्ध आहे अशा फ्रेंचांना किंवा दुसऱ्या कुठल्या गोऱ्यांना चाकरीत ठेवायचं नाही. एकमेकांच्या दरबारात वकील बसवायचे, म्हणजे नागपुरात रेसिडेंट. आणखी एक कलम: लढाई चालू असताना कंपनीनं भोसल्यांच्या मांडलिकांशी जे करारमदार केले असतील ते मान्य करायचे. कोणाकोणाशी केले? त्याची यादी नंतर मिळेल! यादी आली तेव्हा तिच्यात संबळपूर आणि पाटणा (बिहारचं नव्हे, ओडिशातलं संस्थान) निघाले. ते परत मिळवायला १८०६ उजाडलं. कोऱ्या कागदावर सही करणं म्हणतात ते हेच.

१८०४ मध्ये एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून आला, वय पंचविशीच्या आसपास. रेसिडेन्सी या सीताबर्डीलाच. १८१६ मध्ये रघूजी गेले आणि दोन-तीन महिन्यांत अप्पासाहेबांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. पुढच्याच वर्षी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, त्यांनाच याच टेकडीवर रेसिडेंटच्या फौजेशी लढावं लागलं. हरले. नर्मदेकडचा मुलूख गेला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये राज्यच खालसा. कटक गेल्याचं दुःख मोठं होतंच, पण ते गेल्यावरही नागपूरचं राज्य उभं होतं. ते संपलं सीताबर्डीवर येऊन बसलेल्या माणसामुळे.

मी रघूजींना दोष देत नाही. सैन्य दोनदा मोडलं होतं, मुलखात दुष्काळ होता. तह करावाच लागतो अशी वेळ येते. तशी वेळ आली तर काय सोडायचं आणि काय जिवापाड धरून ठेवायचं? इथे सगळ्यांनी मोकळेपणी लिहावं.

वऱ्हाडी_गडी | रात्री ९:४१

काका, महाराजांनी पुरंदराच्या तहात तेवीस किल्ले देल्ले होते ना? मंग पाच वर्सात वापस घेतले का नाही? देल्लं म्हणजे हरलं असं कोन म्हणते? हुशार माणूस येळ पाहून देते आन् येळ पाहून घेते.

महालातली_मास्तरीण | रात्री १०:२०

भाऊ, पुरंदर येणारच होतं या धाग्यावर, बरं झालं तुम्हीच आणलं. मी इतिहास शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जून १६६५. मुरारबाजी पडले होते, वज्रगड गेला होता, पुरंदर जाणार हे दिसत होतं. महाराजांनी ३५ पैकी २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला. १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख ठेवला. विजापूरच्या मोहिमेत मोगलांना साथ द्यायचं कबूल केलं, संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब घेतली. कलमं हलकी नव्हती. पण काकांच्या मुद्द्याकडे या: राजगडावर मोगल वकील कायमचा येऊन बसला नाही. कारभार स्वतःचा राहिला, माणसं स्वतःची राहिली. म्हणून आग्र्याहून सुटून आल्यावर तीन-साडेतीन वर्षं शांतपणे घडी बसवता आली आणि फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यापासून परत घ्यायला सुरुवात झाली. देवगावच्या तहानंतर भोसल्यांकडे असं काही शिजवायला जागाच उरली नव्हती. दरबारात काय चाललंय ते रेसिडेंटला कळत होतं.

आता नागपूरकर म्हणून एक अवघड गोष्ट. ज्या कटकासाठी आपण हळहळतो ते आपल्याला मिळालं कसं? पहिल्या रघूजींच्या फौजांनी १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या केल्या. 'बर्गी आले' असं सांगून तिकडच्या आया आजही पोरांना झोपवतात. ते बर्गी म्हणजे आपणच. मार्च १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं रघूजींचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांना बोलणीसाठी मानकरा इथल्या छावणीत बोलावलं आणि सरदारांसकट तिथंच कापून काढलं. बोलणी म्हणजे शहाणपण असं सरसकट म्हणताना हा प्रसंग मला आठवतो. शेवटी १७५१ मध्ये थकून अलिवर्दीनं तह केला: ओडिशाचा वसूल नागपूरला, शिवाय बंगालची चौथाई म्हणून सालाना बारा लाख. सुवर्णरेखा नदी ही हद्द ठरली.

आणि हा तह बऱ्याच अंशी टिकला. बंगालवरच्या त्या दरसालच्या स्वाऱ्या थांबल्या. कारण रघूजींना वसूल हवा होता आणि तो मिळाला. त्यांना मुर्शिदाबादेत बसून राज्य करायचं नव्हतं. म्हणजे जमीन दिल्यानं शांतता येते का, याचं उत्तर घेणाऱ्याची भूक कसली आहे त्यावर जातं. वेलस्लीची भूक निराळी होती. आजची कुठल्या जातीची आहे हे ओळखण्यातच सगळी अक्कल आहे, आणि माझ्या मते कीव्हवर पहिल्याच दिवशी चालून जाणाऱ्याची भूक एका प्रांताची नसते.

(अवांतर: पुरीच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून तिथं आला तो याच मराठी अमलात. पुरीला गेलात तर जरूर बघा.)

काटोल_रोड | २९ जानेवारी, सकाळी ७:५५

सगळे किल्ले आणि कलमं मोजताहेत. मला माणसं मोजायची आहेत.

कोरिया घ्या. शस्त्रसंधीची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि सही २७ जुलै १९५३ ला. दोन वर्षं! त्या दोन वर्षांत आघाडीची रेषा फारशी हललीच नाही. एकेक टेकडी घ्यायची, गमवायची, पुन्हा घ्यायची. सगळ्यात जास्त अडलं ते युद्धकैद्यांवर, ज्यांना परत जायचं नाही त्यांचं काय करायचं यावर. शेवटी तो गुंता सोडवायला तटस्थ देशांचा आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या होते. रेषा जिथे होती जवळपास तिथेच राहिली. मग मधल्या दोन वर्षांत जी मुलं मेली ती कशासाठी? त्यांच्या आयांना कोणी सांगावं?

'एक इंचही नाही' हे वाक्य खंदकापासून पाच हजार किलोमीटरवर बसून लिहायला सोपं आहे. मी आज जिथे रेषा आहे तिथे थांबा म्हणणाऱ्यांपैकी आहे. उद्या आणखी गावं जाऊन तिथेच थांबण्यापेक्षा आज थांबलेलं बरं.

मेडिकल_चौक | सकाळी ११:३०

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझी मुलगी खारकीव्हला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला होती. ते शहर रशियाच्या सरहद्दीपासून तीस-चाळीस किलोमीटरवर. युद्ध सुरू झालं तेव्हा सहा दिवस ती वसतिगृहाच्या तळघरात होती. १ मार्चला तिथेच आपला कर्नाटकचा एक विद्यार्थी गेला. ती बातमी टीव्हीवर बघून मी देवापुढे बसले ते उठलेच नाही. पुढे ती रेल्वेनं पश्चिमेकडे आणि मग पोलंडमार्गे ऑपरेशन गंगाच्या विमानानं आली. विमानतळावर उतरली तेव्हा तिच्या पायात दोन वेगवेगळ्या जोडांचे बूट होते.

वसतिगृहात जाण्याआधी ती ज्यांच्या घरी भाड्यानं राहायची त्या बाई आम्हाला अजून मेसेज करतात. मुलगी वाचून दाखवते. काटोल रोडवाल्या दादांना वाटतं तसंच मलाही वाटत होतं, की थांबवा बाबा एकदाचं. मी तसं त्यांना लिहायला लावलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांचं उत्तर आलं ते असं: आमच्या बाजूचा रोज हल्ल्यात मरतो, ते तुम्हाला टीव्हीवर दिसतं. पलीकडे जे राहिलेत त्यांच्यात माझी एक बहीण आहे. पासपोर्ट बदलल्याशिवाय तिला औषधंही नीट मिळत नाहीत, शाळेत मुलाला दुसराच इतिहास शिकवतात, आणि फोनवर ती फक्त हवापाण्याचं बोलते.

मला राजकारण कळत नाही. पण 'रेषा जिथे आहे तिथे थांबा' म्हणताना त्या बहिणीचं काय, हे मला तेव्हापासून सुचत नाहीये.

काटोल_रोड | सकाळी ११:५२

ताई, लेक सुखरूप आली हे वाचून फार बरं वाटलं. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करतो आणि लिहितो.

हायकोर्ट_वकील | दुपारी २:०५

कायद्याच्या बाजूनं तीन गोष्टी. बाररूममध्ये यावर परवाच तास दीड तास वाद झाला, त्यातलंच लिहितो.

देशाची जमीन देण्याचा अधिकार कोणाचा? आपल्याकडे हा प्रश्न पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीवरून आला. १९५८ मध्ये नेहरू-नून करारात बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मत दिलं, ते न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिलंय: देशाची जमीन दुसऱ्या देशाला देता येते, पण पंतप्रधानांच्या सहीनं नाही, संसदेच्या साध्या कायद्यानंही नाही. घटनादुरुस्तीच लागते. म्हणून नववी घटनादुरुस्ती झाली. २०१५ मध्ये बांगलादेशाशी छिटमहालांची (एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची) अदलाबदल झाली तेव्हाही शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. आपल्या १११ वस्त्या तिकडे, त्यांच्या ५१ इकडे. जमीन आपली जास्त गेली, आणि तरी सगळे पक्ष राजी होते. मेडिकल चौकच्या ताईंच्या प्रश्नाला धरून मुद्दा असा की तिथल्या माणसांना विचारलं होतं, कुठल्या देशात राहायचंय. युद्धाशिवाय, मोजून-मापून, विचारून.

युक्रेनच्या घटनेत तर कलम ७३ आहे: देशाच्या हद्दीत बदल फक्त सार्वमतानं. म्हणजे झेलेन्स्कींनी उद्या सही करायची म्हटली तरी ती त्यांच्या एकट्याच्या हातातली गोष्ट नाही. आणि ज्यांच्या भागाबद्दल मतदान, ते परदेशात नाहीतर ताब्याखाली. मत घ्यायचं कसं?

तिसरी गोष्ट, देशादेशांतल्या तहांबद्दलचा १९६९ चा व्हिएन्ना करार, कलम ५२: बळाचा धाक दाखवून घडवलेला तह मुळातच रद्दबातल. कोणी म्हणेल, कागदाला कोण विचारतो. विचारतात. १२ ऑक्टोबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्या चार प्रांतांच्या विलीनीकरणाविरुद्ध १४३ मतं पडली, बाजूनं पाच. (आपण तटस्थ राहिलो. त्यावर वेगळा धागा होईल.) शस्त्रसंधी वेगळी, ताबा वेगळा आणि मालकी वेगळी. शेताच्या दाव्यात हे आपण रोज बघतो. ताबा काही वर्षं शेजाऱ्याकडे असेल, पण जमीन लिहून दिली आणि सातबारा त्याच्या नावावर झाला की मग नातवालाही भांडता येत नाही.

नागनदीकाठ | दुपारी ३:१८

वकीलसाहेब, सातबाऱ्याचं पटलं. पण कागदाचंच म्हणाल तर १९९४ चं बुडापेस्ट विसरू नका. युक्रेननं तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा सोडला आणि बदल्यात हद्दींचा मान राखू असा कागद मिळाला. सही करणाऱ्यांत रशियाही होता. त्यानंतर २०१४ आणि २०१५ मध्ये मिन्स्कचे दोन शस्त्रसंधीचे समझोते, तेही टिकले नाहीत. म्हणून ते लोक आता हमी कोणाची, किती फौजेची, किती दिवसांत येणार, असं खोदून खोदून विचारतात तेव्हा मला ते हट्टी वाटत नाहीत.

ऑरेंज_सिटी_८८ | सायंकाळी ५:४०

हे सगळं ठीक आहे, पण आपल्या विदर्भाचं काय? १९५३ चा नागपूर करार करून आपणही राजधानी दिलीच ना? त्यातली किती कलमं पाळली?

संपादक | सायंकाळी ६:०२

वेगळ्या विदर्भावर आधीच चालू धागा आहे. युद्धातल्या तहाशी त्याची गल्लत नको. या विषयावरचे पुढचे प्रतिसाद तिकडे हलवले जातील.

वर्धापार | रात्री ८:४५

मी अमरावतीचा. हा धागा दोनदा वाचला आणि कुठेतरी टोचलं. काका, तुम्ही लिहिलंत, 'वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाच्या पदरात पडला', आणि पुढच्या वाक्यात किल्ल्यांवर गेलात. तो मुलूख म्हणजे आम्ही.

आमचं काय झालं ते लिहितो. १८०३ पर्यंत वऱ्हाडात दुअमली, भोसल्यांचाही वसूल आणि निजामाचाही. तहानं सगळं निजामाचं झालं. त्याच साली दुष्काळ. पुढची पन्नास वर्षं वसुली मक्त्यानं. मक्तेदार जास्त बोली लावणार आणि ती कुणब्याच्या अंगातून काढणार. गावंच्या गावं नदी ओलांडून तुमच्याकडे आली असं आजोबा सांगायचे. मग १८५३ मध्ये निजामाकडे फौजेच्या खर्चाची थकबाकी राहिली म्हणून वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं. पुढच्या साली मध्य प्रांताला जोडला. तीन वेळा आम्ही एका हातातून दुसऱ्या हातात गेलो आणि तिन्ही वेळा आम्हाला कोणी विचारलं नाही. कटकाच्या लोकांनाही कोणी विचारलं नसेल, ना १७५१ मध्ये ना १८०३ मध्ये.

नागपूरकर 'आपण कटक दिलं' म्हणतात. ज्यांना दिलं त्यांच्या बाजूनं तह वाचला की त्यात एकच कलम दिसतं.

नागनदीकाठ | रात्री ९:३०

भाऊ, बरोबर बोललात. माझ्या आईचं माहेर अचलपूरकडचं, तरी मी ते एका ओळीत संपवलं. दरबाराच्या खिडकीतून तह वाचायची सवय लागली आहे मला. मूळ लेखात मी विचारलं, काय जिवापाड धरून ठेवायचं. त्यात माणसांचं नावच घेतलं नव्हतं.

कामठीचा_फौजी | ३० जानेवारी, सकाळी ६:१५

गार्ड्समध्ये होतो, सुभेदार म्हणून निवृत्त. आता कामठीलाच असतो. दोन पैसे फौजीचे.

हाजीपीर, पुंछ आणि उरीमधला खिंडीचा डोंगर, आमच्या लोकांनी ऑगस्ट १९६५ मध्ये घेतला. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद झालं आणि सोडावा लागला. मी त्यानंतर कित्येक वर्षांनी पुंछमध्ये होतो. समोर तो डोंगर दिसायचा. उरी त्याच्या पलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, आणि आम्हाला जायचं तर केवढा वळसा. तिथं उभं राहिलं की संतापच येतो. त्या खिंडीतून किती घुसखोर आले ते आम्ही मोजलेत. पण हेही सांगतो की तेव्हा घेतलेलं सगळं ठेवतो म्हटलं असतं तर त्यांच्याकडे गेलेलं जम्मूकडचं छंबही तसंच राहिलं असतं. ७१ मध्ये छंब पुन्हा गेलं आणि शिमल्यानंतर त्यांच्याकडेच राहिलं. तिथले लोक जम्मूकडच्या वस्त्यांत अजून आहेत. लडाखमधलं तुर्तुक आपल्याकडे आलं ते राहिलं.

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून: १९७२ ला शिमल्यात रेषेचं नाव बदलून नियंत्रणरेषा केलं. सरहद्द म्हटलं नाही. त्या एका शब्दासाठी किती डोकी खपली असतील. आम्ही जमीन परत मागायचा हक्क सोडला नाही, आणि तरी गोळी थांबवता आली. नोव्हेंबर २००३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये गोळीबार थांबला तेव्हा तारेजवळच्या शेतकऱ्यांनी मका कापला, लग्नं लावली. पोरांना शाळेत जाताना पाहिलं की आम्हाला हायसं वाटायचं. म्हणून बंदूक थांबवणं आणि जमीन लिहून देणं एकात कालवू नका. बंदूक थांबवायला मी कधीही तयार आहे. पण मोर्चे सोडून मागे या म्हणाल तर नाही. डोनेत्स्कमधला स्लाव्यान्स्क-क्रामातोर्स्क हा युक्रेननं तटबंदी केलेला पट्टा आहे, आठ-दहा वर्षं खणलेला. चेकोस्लोव्हाकियाकडून १९३८ मध्ये म्युनिकला सुडेटनलंड घेतलं तेव्हा त्यांच्या डोंगरातली सगळी तटबंदी त्यात गेली. साडेपाच महिन्यांत जर्मन प्राग शहरात होते, जवळजवळ एकही गोळी न झाडता. मोर्चा सोडणारा फौजी पुढच्या लढाईत उघड्यावर लढतो.

वऱ्हाडी_गडी | सकाळी ८:३०

सुभेदार साहेब, सलाम. आता समजलं का पुरंदरात बारा किल्ले ठेवले ते कायले.

काटोल_रोड | दुपारी १२:१०

विचार करून लिहितो म्हणालो होतो. फौजीकाकांचं बंदूक आणि मालकी वेगळी ठेवणं मला मान्य आहे, मी तेवढंच मागत होतो हे आता नीट कळतंय.

पण फिनलंडचं कोणी काढलं नाही. मार्च १९४० मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाला देशाचा साधारण दहावा हिस्सा दिला. विपुरी हे मोठं शहर गेलं. सेनापती मानरहाइमनंच सांगितलं होतं की आता तह करा, फौज संपत आलीय. चार लाखांवर लोक घरंदारं सोडून आले. देशाच्या बारा टक्के लोक! त्यांना बाकीच्यांच्या शेतांतून तुकडे काढून जमिनी दिल्या, कायदा करून. पुढे १९४१ मध्ये परत लढले, १९४४ मध्ये पुन्हा हरले, वर ३० कोटी डॉलरची भरपाई. ती १९५२ पर्यंत पूर्ण फेडली. आणि २०२३ मध्ये नाटोतही गेले. जमीन गेली तरी देश राहिला की.

महालातली_मास्तरीण | दुपारी १:००

राहिला, आणि का राहिला तेही काकांच्याच मुद्द्यात आहे. संसद त्यांची, फौज त्यांची. जिंकलेल्यांचा नियंत्रण आयोग हेलसिंकीत बसला होता, पण १९४७ मध्ये उठून गेला. पोर्क्कालाचा तळ रशियाला ५० वर्षांच्या पट्ट्यानं दिला होता, तोही १९५६ मध्ये रिकामा झाला. सीताबर्डीवरचा माणूस मात्र उठला नाही. शिवाय फिनलंडनं माणसं मागे ठेवली नाहीत, सगळ्यांना आत घेतलं. वर्धापार भाऊ म्हणतात ते इथे पाळलं गेलं. पण चार लाखांचं गाव सुटलं हेही धरा हिशेबात.

जरीपटकाकर | रात्री १०:४०

आम्ही सिंधी. मराठी इथल्या शाळेत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

पंजाब आणि बंगाल वाटले गेले, अर्धा तरी इकडे राहिला. सिंध पूर्ण गेला. आमचा भारतात एक जिल्हा नाही. आजोबा शिकारपूरहून बायको आणि तीन मुलं घेऊन निघाले ते कराचीहून जहाजानं, आणि फिरत फिरत नागपुरात जरीपटक्याला. तेव्हा इथं छावणी होती.

गाव सुटण्याचं लोक लिहितात, रडतात. मला आजोबांचं एक वेगळं आठवतं. नंतर सरकारनं मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे मागवले. फॉर्म भरायचा: घर केवढं, खोल्या किती, भिंती पक्क्या की कच्च्या. कागद तर तिकडेच राहिले. आजोबांनी जरीपटक्याच्या मैदानात चुन्यानं आखून काढलं. आजी म्हणायची, स्वयंपाकघर इतकं लहान नव्हतं, आणखी दोन पावलं. मग ते दोन पावलं पुढे जाऊन रेघ मारायचे. असं करून घराचं माप निघालं. दाव्याच्या काही हिश्शाचीच भरपाई मिळाली, त्यातून कापडाचं दुकान. ते दुकान आजही आहे.

आजोबांना कोणी विचारलं असतं की फाळणी करून दंगे थांबवायचे का, तर ते काय म्हणाले असते मला माहीत नाही. त्यांचा राग जमीन गेल्याचा कमी होता. ती रेघ ओढली तेव्हा आमच्या बाजूनं तिथं कोणी बसलेलं नव्हतं, हे ते मरेपर्यंत बोलायचे. फिनलंडच्या लोकांना कायदा करून जमीन मिळाली हे आज पहिल्यांदा कळलं. वकीलसाहेब, युक्रेनवाल्यांसाठी असा काही फॉर्म आहे का?

हायकोर्ट_वकील | ३१ जानेवारी, सकाळी ९:२०

आहे. २०२३ मध्ये युरोप परिषदेनं नुकसानीची नोंदवही सुरू केली, कचेरी हेगला. २०२४ पासून लोकांचे दावे घेतात, मोबाइलवरच्या त्यांच्या सरकारी अॅपमधून. पैसे कोण आणि कधी देणार ते पुढचं. आज फक्त नोंद. पण तहात 'एकमेकांवरचे सगळे दावे सोडले' असं कलम घुसवलं, तर त्या नोंदींचं काय होणार? नागनदीकाठ काका, तुमच्या 'बाकीच्या कलमां'त हेही धरा.

मेडिकल_चौक | दुपारी ४:५०

जरीपटक्याच्या दादांचं वाचून मुलीला आजच खारकीव्हच्या बाईंना विचारायला सांगितलं. त्यांनी त्यांच्या आईच्या बाखमूतच्या घरासाठी अर्ज केलाय. ते शहर मे २०२३ पासून रशियाकडे आहे, आणि घर म्हणावं असं तिथं काही उरलेलं नाही. आई आता त्यांच्यापाशीच असते, वय ८१. क्षेत्रफळ लिहायचं होतं म्हणून त्यांनी आईला विचारलं, तर आई काठी टेकत टेकत फ्लॅटच्या जिन्यातून खाली अंगणात गेल्या आणि बर्फात पावलं मोजून दाखवली. खोल्या भरल्या, परस भरलं. जर्दाळूच्या चार झाडांसाठी फॉर्ममध्ये कुठे जागा नव्हती. आई म्हणाल्या, तरी लिही. त्यांनी पत्त्याच्या ओळीत लिहून टाकलं.

मुलगी म्हणते, दादांच्या आजोबांचं मी त्यांना कळवू का? मी म्हटलं, त्यांची परवानगी विचारून मग.

जरीपटकाकर | दुपारी ४:५८

कळवा ताई. चुन्याचंही सांगा.